जुन्या स्वस्त बाहुल्या: कपडे आणि सुटे भाग कसे वाचवता?

टाकेवाली

ढिगातली बाहुली उचलताना मी तिचा चेहरा बघत नाही, अंगावरचं बघते. डोक्यावर केस नसोत, पाय कुत्र्याने चावलेला असो, फ्रॉकला बारीक टिचबटणं आणि आतून अस्तर असेल तर ती घरी येते. साडेअकरा इंची फॅशन बाहुलीला शोभतील अशी टिचबटणं, मोहरीएवढे मणी, नखाएवढ्या रुंदीची लेस सुटी मिळवायला गेलं तर अख्ख्या जुन्या बाहुलीपेक्षा महाग पडते. म्हणून हा धागा. काय वाचवता, कसं काढता, काय सरळ टाकून देता, ते लिहा. संग्राहकांनीही लिहा, पण नुसतं ‘अरेरे, तोडली!’ नको.

माझ्यापासून सुरुवात. कपडे बाहुलीच्या अंगावर ठेवून कधीच धुवायचे नाहीत. लाल, काळा, गडद निळा रंग ओला झाला की बाहुलीच्या व्हिनाइलमध्ये, म्हणजे मऊ प्लॅस्टिकमध्ये, मुरतो आणि मग साबणाला दाद देत नाही. कोरडेपणीही मुरतो, फक्त वेळ घेतो. त्यामुळे घरी आल्याआल्या कपडे उतरवायचे, ओला पांढरा कपडा आतल्या शिवणीवर दाबून रंग जातो का बघायचं आणि मगच कोमट पाण्यात एकेक कपडा वेगळा बुडवायचा. धुण्याआधी वेल्क्रो बंद करायचा, नाहीतर तो शेजारच्या सॅटिनचे धागे ओढतो. फोमचं अस्तर असलेले जुने कोट मी धुतच नाही. फोमचा भुगा झालेला असतो. बटणं कापून घ्यायची, बाकी केराच्या टोपलीत.

रंगारी

डाग मुरलेलं अंग वाचवता येतं. मुरुमांच्या क्रीममधलं बेंझॉइल परॉक्साइड डागावर जाड थापायचं, वर प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. डाग हळूहळू फिका होतो. घाई करू नका आणि रोज बघा, कारण डागाबरोबर मूळ रंगही उडू शकतो. रंगवलेल्या ओठा-डोळ्यांपासून ते लांब ठेवा. हात न धुता कपड्यांना शिवाल तर कपड्यावर पांढरे ठिपके उमटतील.

अ‍ॅसिटोनबद्दल: मऊ व्हिनाइलच्या चेहऱ्यावरचा रंग पुसायला चालतं, पण टणक प्लॅस्टिकचं धड त्याने विरघळतं.

खटपट्या

मला कपड्यांत रस नाही, मला सांधे हवेत. चेहरा सुंदर आणि अंग काठीसारखं, अशी एक बाहुली असते. दुसरीला २२ सांधे पण चेहऱ्यावर पेनाच्या मिशा. दोघींची मिळून एक करायची.

मुंडी कोरडी ओढू नका. मानेच्या आत खुंटी असते, ती तुटली की मुंडी डुगडुगते ती कायमची. गरम पाण्यात मुंडी मानेपर्यंत बुडवून ठेवायची, व्हिनाइल मऊ पडलं की हलकेच एका बाजूने वर उचलत काढायची. बसवतानाही हेच.

खरी अडचण कातडीच्या रंगाची. एकाच कंपनीच्या बाहुल्यांतही छटा जुळत नाहीत, तेव्हा दिवसाच्या उजेडात मुंडी धडाशेजारी धरून बघा. कपडे जमवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्या की २०१६ पासून बार्बी उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाचीही निघाली. जुना अंगासरसा फ्रॉक भरल्या अंगाच्या बार्बीला मागे बंदच होत नाही. आणि पाठीवर १९६६ छापलंय म्हणून हुरळून जाऊ नका. ते कॉपीराइट नोंदवल्याचं साल आहे, त्याच्या कितीतरी वर्षांनंतरच्या बाहुल्यांवरही तोच आकडा असतो.

गुंतावळ

केसांचं कुणीच लिहिलं नाही! लांब, चमकदार केस असतील तर मी मुळाशी कापून त्यांचं गंगावन करते. पट्टीवर चिकटवून दुसऱ्या बाहुलीच्या टोपीखाली मस्त बसतं. तेच केस नव्याने रोवायचे म्हटलं तर सुईत दुमडून घ्यावे लागतात, म्हणजे लांबी थेट निम्मी. हात लावताच तुटणाऱ्या कोरड्या केसांवर वेळ घालवू नका. मुळाशी तेलकट चिकटपणा असेल तर बहुतेक मुंडीच्या आतला गोंद पाझरतोय. धुतला तरी पुन्हा येतो.

बिजागरी

मोठ्या बाहुल्यांच्या पोटात खजिना असतो. हातपाय आत इलॅस्टिकच्या दोरीने आणि आकड्यांनी जोडलेले असतात. दोरी सैल पडली म्हणून लोक टाकून देतात आणि आकडे आपल्याला मिळतात. मिटणारे डोळे हवे असतील तर खोबणीभोवतालचं व्हिनाइल गरम करून पुढून अलगद काढा. बोलक्या बाहुलीचा बॅटरीचा कप्पा सगळ्यात आधी उघडा. पांढरी बुरशी दिसली तर ती अल्कलाइन सेलची गळती: हातमोजे घाला, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा. आत बटणाएवढा सेल असेल तर तो लगेच लहान मुलांपासून दूर करा, गिळला गेला तर जिवावर बेततं.

पांढरी_सँडल

बूट! जोडीतला एकच मिळाला तरी ठेवा, दुसरा केव्हातरी सापडतो. फक्त मऊ बूट कडक पारदर्शक डबीत कोंबू नका. मऊ प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य डबीत उतरतं आणि बूट तळाला चिकटून बसतात. मी कागदात गुंडाळून ठेवते. चिकट झालेल्या पायांचंही कारण तेच. साबणाने धुऊन कॉर्नफ्लोअर चोळलं की काही काळ बरं वाटतं, इतकंच.

जुनी_पेटी

टाकेवाली ताई, ‘अरेरे’ म्हणत नाही, पण कात्री लावण्याआधी तळपाय तरी बघत जा. १९५९ च्या पहिल्या बार्बीच्या तळपायांना स्टँडसाठी भोकं होती आणि त्यात तांब्याच्या नळ्या. कानाभोवती हिरवट डाग दिसले तर तेही जुनेपणाचं लक्षण, धातूच्या कर्णफुलांनी ते पडतात. अशी सापडली तर जशी आहे तशी ठेवा. मला त्याहून वाईट वाटतं ते घरी शिवलेल्या कपड्यांचं. हातटाके, कुणाच्या तरी ब्लाउजचं उरलेलं कापड, उलटं बसवलेलं टिचबटण. ते लेससाठी उसवणं मला जमत नाही.

टाकेवाली

हातशिलाईचं पटलं. ते मीही उसवत नाही, त्यांचा कागदावर साचा उतरवून घेते. पण कारखान्यातला, काखेत फाटलेला, चकचकीत जाळीचा फ्रॉक असेल तर कात्री चालणारच.

बिजागरी, डोळे काढताना पापण्या गळून पडतात, त्याला काही उपाय?

बिजागरी

पापण्या भिजू देऊ नका. पाण्याऐवजी हेअर ड्रायरने गरम करा.