सेरंगून रस्त्यावर भारतीय वस्ती कशी उभी राहिली?

सहकारनगरकर: गेल्या महिन्यात मुलाकडे सिंगापूरला गेले असताना सलग तीन संध्याकाळी मी सेरंगून रस्त्यावर फिरले. मोगऱ्याचे गजरे आणि केळीची पाने विकणारी दुकाने पाहून मला लहानपणची रास्ता पेठ आणि तिथले आमचे तमिळ शेजारी आठवले. इंग्रजांनी शहर आखताना प्रत्येक समाजाला वेगळी जागा नेमून दिली, असे ऐकले आहे. ही जागा भारतीयांना तशीच मिळाली का? आणि तिथल्या एका रस्त्याचे नाव ‘बफेलो रोड’ कसे?

मुठाकाठ: ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. १८२२ च्या आखणीत चुलियांसाठी, म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेल्या तमिळ मुसलमानांसाठी, जागा दाखवली होती ती सिंगापूर नदीच्या काठी. सेरंगून रस्ता त्यात नव्हता. इकडे लोक आले ते कामामागे. रोचोर नदीचे पाणी आणि आसपासचे गवत यांमुळे येथे गुरांचा व्यापार वाढला, गोठे उभे राहिले आणि गुरे राखणारे, दूध घालणारे भारतीय त्यांच्याजवळच राहू लागले. शेजारी वीटभट्ट्या होत्या, आणि १८२५ पासून सिंगापुरात आणलेले भारतीय कैदीही अशा कामांवर राबत असत. मलय भाषेत म्हशीला ‘करबाव’ म्हणतात. ‘कंदांग करबाव’ म्हणजे म्हशींचा गोठा, आणि याच नावाचे प्रसूतिगृह पुढे साऱ्या शहराला परिचित झाले. १९३० च्या दशकात गुरांचा व्यापार येथून हलला, तरी नावे राहिली.

रास्तापेठवासी: यात देवळांची भर घालतो. श्रीनिवास पेरुमाळ मंदिर १८५५ चे मानले जाते. तैपूसमला, म्हणजे मुरुगनाच्या (कार्तिकेयाच्या) उत्सवाला, खांद्यावर कावडी घेतलेले भक्त येथून टँक रोडवरील मुरुगन मंदिरापर्यंत सुमारे चार किलोमीटर अनवाणी चालतात. मला मात्र जवळच्या फॅरर पार्कविषयी अधिक आस्था वाटते, कारण १७ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश फौजेतील शरण आलेल्या हजारो भारतीय सैनिकांना तेथे जपान्यांच्या हवाली करण्यात आले आणि आझाद हिंद सेनेची कहाणी तेथून सुरू झाली. आपल्याकडून जाणारा प्रवासी खरेदी करून परततो आणि ते मैदान पाहत नाही, याची खंत वाटते.

सहकारनगरकर: मीही ते पाहिले नाही. सिंगापुरातले बहुतेक भारतीय आजही येथेच राहतात का?

मुठाकाठ: नाही. १९८९ मध्ये सरकारी गृहसंकुलांत प्रत्येक वंशाच्या कुटुंबांचे कमाल प्रमाण ठरवले गेले, त्यामुळे भारतीय कुटुंबे शहरभर विखुरलेली आहेत. त्याच वर्षी या भागाला वारसा संरक्षण मिळाले. आज या वस्तीला खरी जाग येते ती रविवारी, तमिळनाडू आणि बांगलादेशातून आलेले बांधकाम मजूर सुटीच्या दिवशी येथे जमतात तेव्हा. गावाकडे पैसे पाठवायचे, गावच्या चवीचे जेवायचे, ओळखीच्या माणसांना भेटायचे, यासाठीच ते येतात. पुढच्या खेपेस रविवारी जा आणि टेक्का बाजारापासून चालायला सुरुवात करा.