हेलिकॉप्टर पायलटला हेल्मेट कशाला? (आणि कानांचं काय?)

चेतकवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "सिव्हिल पायलटने हेल्मेट घालणं म्हणजे फौजी मिरवणं. हेडसेट बास." एका ओळीत निकाल! अमेरिकन आर्मीच्या अपघातांवरचा १९९१ चा अभ्यास वाचा: गंभीर अपघातात हेल्मेट नसेल तर डोक्याच्या जीवघेण्या दुखापतीचा धोका सुमारे ६ पट. फौजेत हेल्मेटशिवाय आम्हाला कुणी चेतक हेलिकॉप्टरमध्ये बसू दिलं नसतं. तोच माणूस निवृत्त होऊन केदारनाथच्या फेऱ्या मारायला लागला की टोपी आणि गॉगल. कवटी बदलून मिळते का पेन्शनबरोबर?

जुहू_ऑफशोअर: तो "कुणीतरी" मीच. जुहू ते बॉम्बे हाय (समुद्रातलं तेलक्षेत्र), ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर दीड किलोचं मडकं. संध्याकाळी मान कुणाची धरते? शिवाय समुद्रात पडलो तर? डंकरमध्ये, म्हणजे बुडत्या हेलिकॉप्टरमधून सुटायच्या सरावाच्या सांगाड्यात, उलटं करून बुडवलंय का कधी तुम्हाला? हेडसेट झटकून बाहेर पडता येतं. हेल्मेटची वायर अडकली की खेळ खलास. आणि प्रवासी घाबरतात.

चेतकवाला: लाइफ जॅकेट चढवून बसलेला माणूस हेल्मेट बघून घाबरतो? वायर हिसड्याने सुटते, जोडच तसा असतो. डोकं आपटून शुद्ध हरपली तर दार कोण उघडणार, तुमची मान?

पेठेतला_एक: हेल्मेटसक्तीला आम्ही पुण्यात विरोध केला तेव्हा सगळं राज्य हसलं. आता पायलटसुद्धा मान आणि घाम म्हणतायत. वाचून बरं वाटलं.

कानसेन: पेठकर, तुमचा मोर्चा लक्ष्मी रोडला न्या. मी कानाचा डॉक्टर. डोकं फुटलं तर फुटेल, कान मात्र रोज थोडा थोडा जातो. ८५ डेसिबलला ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला उरतात १५ मिनिटं. पायलटच्या मेडिकलला कान मोजतात ५०० ते ३००० हर्ट्झच्या सुरांवर. आवाजाने जाणारा कान आधी खचतो त्याहून वरच्या सुरांना, ४००० च्या आसपास. म्हणजे तुम्ही "फिट" आणि कान गेलेला.

जुहू_ऑफशोअर: आमचे नॉइज कॅन्सलिंग हेडसेट आहेत, डॉक्टर. आपण कुठल्या जमान्यात आहात?

कानसेन: ते खर्जातली घरघर मारतात. गिअरबॉक्सची किंचाळी अडवायची ती हेडसेटच्या कानावरच्या कपाच्या गादीने, आणि तुमच्या चष्म्याच्या काडीने तिथे फट पाडलेली असते. आतून फोमचा प्लग घाला. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारून अर्धा मिनिट धरायचा. नुसता टेकवलेला प्लग म्हणजे शोभा.

जुहू_ऑफशोअर: आणि एटीसी, म्हणजे कंट्रोल टॉवरवाले, काय स्वप्नात ऐकू?

चेतकवाला: इंटरकॉमचा आवाज वाढवा. गोंगाट कमी झाला की बोलणं उलट स्वच्छ येतं. मला हे फार उशिरा कळलं. आम्ही हेल्मेट घालायचो, पण प्लग घालणाऱ्याला "नाजूक" म्हणायचो. आता "स" ऐकूच येत नाही. नातीचं गॅदरिंग "सातला" होतं, मी ऐकलं "आठला". पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या रचत होता. नात बोलली नाही दोन दिवस. बोललीही असेल म्हणा.

फाट्याचा_पोऱ्या: सगळे कॉकपिटबद्दलच बोलताय. केदारनाथच्या वाटेवरच्या आमच्या फाटा गावच्या हेलिपॅडवर प्रवाशांची मान धरून वाकवत पोचवणारी पोरं सीझनभर कानात कापूस कोंबून उभी असतात. कापसाने काय होतं हो डॉक्टर?

कानसेन: जवळजवळ काही नाही. मफ मागा, कान झाकणारे.

फाट्याचा_पोऱ्या: मागितले. "पायलट तक्रार करत नाही, तुला काय झालं?" असं उत्तर आलं.

जुहू_ऑफशोअर: बरं, प्लग मान्य. उद्यापासून घालतो, काडी बारीक असलेला चष्माही घेतो. हेल्मेट नाही म्हणजे नाही. ते चेतकवाल्यांनीच घालावं आणि आठला यावं.

चेतकवाला: हे खालच्या पातळीचं होतं.

फाट्याचा_पोऱ्या: तुमचं मिटलं असेल तर त्या पायलटने आमच्यासाठी एक तक्रार करावी, एवढंच बघा.