कॉलेजातली ऑरगॅनिक केमिस्ट्री: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, माझी भाची यंदा पुण्यात एस.वाय.बी.एस्सी.ला गेली आणि तिने केमिस्ट्री ठेवली आहे. "ऑरगॅनिक म्हणजे नुसतं पाठांतर" हे तिला इतक्या जणांनी ऐकवलंय, की पुस्तक उघडायच्या आधीच ती धास्तावली आहे. मी हा विषय, म्हणजे कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री, आवडीने शिकले आणि माझं मत अगदी उलट आहे. १८२८ साली वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हापासून आजवर कार्बनची कोट्यवधी संयुगं माहीत झाली. ती पाठ करायची म्हटली तर कुणाचंच आयुष्य पुरायचं नाही. पाठ करावी लागू नयेत म्हणूनच तर मेकॅनिझम, म्हणजे रिअ‍ॅक्शन पायरीपायरीने कशी घडते ते, शिकवतात! पण माझ्या एकटीच्या सांगण्याने तिची भीती जाणार नाही. शिकलेले, शिकवणारे, मध्येच सोडलेले, सगळ्यांनी लिहा. नेमकं कुठे अडलं आणि कशाने सुटलं ते तपशिलात लिहिलंत तर फार बरं.

टी.वाय.ची विद्यार्थिनी, गाव जुन्नर तालुक्यात

दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यात आल्यावर पहिले काही महिने लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून जायचं. पण ऑरगॅनिकच्या तासाला सर फळ्यावर बाण काढायचे, आणि बाणाला इंग्रजी येण्याची गरज नव्हती. बाण निघतो तो इलेक्ट्रॉनची जोडी असते तिथून, आणि जातो ती जोडी हवी असते तिथे. उलटा कधीच नाही. एवढं धरून बसले.

मार्कोव्हनिकोव्हचा नियम बारावीत सगळ्यांसारखा मीही घोकला होता. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइड घातलं की हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर जातो, ब्रोमिन मधल्यावर. आणि पेरॉक्साइड असेल तर बरोबर उलट. नियम एक, अपवाद एक, दोन्ही पाठ. एफ.वाय.ला सरांनी दोन्ही मेकॅनिझम शेजारी शेजारी काढून दाखवले. पहिल्यात आधी हायड्रोजन जोडला जातो, दुसऱ्यात आधी ब्रोमिनचा रॅडिकल (जोडी नसलेला, एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू). जो आधी येतो तो टोकाला बसतो, कारण मग मधल्या कार्बनवर जे तयार होतं (एकदा कार्बोकॅटायन म्हणजे धनभारित कार्बन, एकदा रॅडिकल) ते टोकावरच्यापेक्षा जास्त स्थिर असतं. म्हणजे अपवाद नव्हताच, दोन्हीकडे कारण तेच! त्या दिवशी होस्टेलवर जाऊन मी बारावीच्या वहीतल्या रिअ‍ॅक्शन पुन्हा बाण काढून सोडवत बसले. पेन्सिलने, कोऱ्या कागदावर. नुसतं वाचून हे येत नाही, हात चालावाच लागतो.

आता नोकरीत, मूळ नारायण पेठ

थिअरीबद्दल सगळे बोलतात, मला प्रॅक्टिकलबद्दल लिहायचंय. सोडियम फ्यूजन, म्हणजे दिलेल्या कंपाउंडमध्ये नायट्रोजनसारखी मूलद्रव्यं आहेत का ते शोधायची चाचणी! रॉकेलमध्ये ठेवलेल्या सोडियमचा बारीकसा तुकडा कापायचा, फिल्टर पेपरवर टिपून इग्निशन ट्यूबमध्ये टाकायचा. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकते आणि बघता बघता काळवंडते. त्यावर दिलेलं कंपाउंड घालून तापवायचं, नळी लालबुंद झाली की चायना डिशमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायची. नळी तडकन फुटते, म्हणून जाळी हाताशी आणि गॉगल डोळ्यांवर हवाच. मग गाळून घेतलेल्या पाण्यात फेरस सल्फेट घालून उकळायचं आणि पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड टाकायचं. नायट्रोजन असला तर निळा रंग येतो, तोच प्रशियन ब्लू. आमच्या बॅचमध्ये ज्याचा निळा पहिला यायचा त्याच्या टेबलाभोवती सगळे गोळा व्हायचे.

डाय टेस्टही तशीच, अमाइन (नायट्रोजन असलेलं एका प्रकारचं कंपाउंड) रंगावरून ओळखायची. अमाइनचं द्रावण बर्फात ० ते ५ अंशांवर ठेवायचं, थंड सोडियम नायट्राइट घालायचं आणि ते बीटा नॅफ्थॉलच्या अल्कलीतल्या द्रावणात ओतायचं. शेंदरी लाल रंग एका क्षणात. एप्रिलच्या उकाड्यात बर्फ भराभर वितळायचा, आणि तापमान वाढलं की डायझोनियम (अमाइन आणि नायट्राइटपासून बनलेलं, पुढे रंग देणारं संयुग) मोडतं, नायट्रोजनचे बुडबुडे निघून जातात. "थंड ठेवा" असं पुस्तकात का लिहिलंय ते हातातल्या नळीने शिकवलं. भाचीला सांगा, जर्नल वर्षाच्या शेवटी एकदम उतरवू नकोस. निरीक्षण त्याच दिवशी लिही.

केमिस्ट्री सोडलेला

मी एफ.वाय.नंतर स्टॅटिस्टिक्स धरलं. विषय अवघड नव्हता, लॅबमधल्या वासाने डोकं चढायचं. हेही कारण असू शकतं आणि त्यात कमीपणा नाही.

एस.वाय., सिंहगड रोड

माझं घोडं स्टिरिओकेमिस्ट्रीत, म्हणजे रेणूच्या त्रिमितीय रचनेत, अडलं होतं. कागद सपाट आणि रेणू तर चहूबाजूंना पसरलेला. अप्पा बळवंत चौकात मॉडेल किट मिळतं, पण मी सुरुवात घरीच केली. कणकेचा गोळा म्हणजे कार्बन, त्यात चार टूथपिक, आणि टोकांना भिजवलेला राजमा, काबुली चणा, वाटाणा आणि शेंगदाणा. काड्यांमधला कोन १०९.५ अंशांच्या जवळ यायला हवा, म्हणजे कुठल्याही तीन काड्यांवर उभं केलं तरी चौथी सरळ वर बघते. तसंच दुसरं केलं, पण आरशात दिसेल तसं. कितीही फिरवा, एकावर एक बसत नाहीत. मग एकाचा राजमा आणि चणा अदलाबदल केला आणि दोन्ही अगदी एकसारखी झाली. आर आणि एस, म्हणजे आरशातल्यासारख्या या दोन रूपांची नावं, मला तिथे समजली. एसएन२मध्ये (एक गट बाहेर पडतानाच दुसरा त्याची जागा घेतो ती रिअ‍ॅक्शन) मागून हल्ला झाला की रचना का उलटते, तेही त्याच गोळ्यावर करून पाहिलं. आजी म्हणाली परीक्षेपर्यंत कडधान्य पुरवते, तू कर!

निवृत्त, पिंपरी

आमचे वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. घरात पेनिसिलिन हा शब्द रोजचा, पण ते काय असतं ते मला टी.वाय.ला कळलं. त्यात चार अणूंचं एक कडं आहे, बीटा लॅक्टम. चौघांच्या कड्यात कोन जबरदस्तीने ९०च्या आसपास वाकवावे लागतात, म्हणून ते कडं ताणलेलं असतं आणि चटकन उघडतं. जिवाणूची भिंत बांधणारं एन्झाइम त्याला धरायला जातं, कडं उघडतं आणि एन्झाइम कायमचं अडकतं. वडील ज्या कारखान्यात जन्मभर राबले, तिथल्या औषधाचं मर्म अशा एका छोट्या चौकोनात आहे हे समजल्यावर मी घरी त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद जपून ठेवला होता.

आणखी एक. फ्लेव्होन (वनस्पतींत सापडणारी एका प्रकारची संयुगं) तयार करताना बेकर-वेंकटरामन रीअरेंजमेंट, म्हणजे रेणूतला एक गट जागा बदलतो ती रिअ‍ॅक्शन, शिकाल. त्यातले के. वेंकटरामन म्हणजे आपल्या पाषाणच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक. त्या रस्त्याने जाताना मुलांना हे सांगायला हवं.

शिकवणारी, कोथरूड

वर बाणांबद्दल लिहिलंय ते पटलं, तरी थोडं पाठांतर हवंच, असं मी मुलांना ठामपणे सांगते. चार पीकेए (अ‍ॅसिडची तीव्रता सांगणारे आकडे) तोंडपाठ करा: बेंझॉइक अ‍ॅसिड ४.२, कार्बॉनिक अ‍ॅसिड ६.४, फिनॉल १०, इथेनॉल १६. आकडा जितका लहान तितकं अ‍ॅसिड तीव्र. मग बायनरी मिक्श्चर, म्हणजे वेगळे करायला दिलेले दोन मिसळलेले पदार्थ, पाहा. बेंझॉइक अ‍ॅसिड आणि बीटा नॅफ्थॉल एकत्र दिलंय. बायकार्बोनेट घातलं की बेंझॉइक अ‍ॅसिड फसफसून विरघळतं, कारण ते कार्बॉनिकपेक्षा तीव्र आहे. नॅफ्थॉलची ताकद फिनॉलएवढीच, ते खाली तसंच राहतं. गाळा, गाळलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाका, पांढरं बेंझॉइक अ‍ॅसिड परत खाली बसतं. वाळवून मेल्टिंग पॉइंट घेतलात तर १२२ अंश यायला हवा. खाली आला तर ते ओलं आहे किंवा त्यात नॅफ्थॉल राहिलंय, गरम पाण्यातून पुन्हा क्रिस्टल काढा. भाचीला व्हायवात (तोंडी परीक्षेत) "बायकार्बोनेटच का, कॉस्टिक सोडा का नाही" असं बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तर उत्तर या चार आकड्यांतच आहे: कॉस्टिक सोड्यात दोन्ही विरघळतात.