बेळगावकरांनी एप्रिल सोडू नये

युरोपच्या सहलीला मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा उत्तम, असं एक मत आहे; ते हवेपुरतं पटतं. पण पुण्या-मुंबईच्या टूरवाल्यांच्या तारखा महाराष्ट्रातल्या सुट्ट्यांवर बेतलेल्या असतात. तिथल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडच्या कर्नाटक बोर्डाच्या मे अखेरीलाच. माझ्या मुलीचा शाळेचा पहिला आठवडा असाच बुडाला, फार हळहळ वाटली.

त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी एप्रिलचा उत्तरार्ध बघावा. आपल्या पोरांना तेव्हा सुट्टी लागलेली असते आणि हॉलंडची क्युकेनहॉफ ट्युलिप बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. जूनमध्ये गेलात तर ती बंद! युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा दिवाळी झाली की लगेच कागदपत्रांना लागा.