दोन हॉस्पिटल कॅश पॉलिसी घेणं ही फसवणूक कशी काय?

गॅरेजवाला_सांगली
"एका आजारपणावर दोन हॉस्पिटल कॅशचे पैसे उचलणं ही कंपनीची फसवणूक आहे," असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. रात्रभर डोक्यात तेच. मेडिक्लेममध्ये एकच बिल दोनदा वसूल करता येत नाही, कबूल. पण हॉस्पिटल कॅशचा बिलाशी संबंध काय? ॲडमिट राहिलात की दिवसाला ठरलेली रक्कम. डेंग्यूत सहा दिवस पडून होतो. शटर बंद, हाताखालच्या पोराचा पगार चालू. एक पॉलिसी रोजच्या २००० ची, दुसरी १००० ची. पहिला दिवस दोन्हीकडे वजा, पाच दिवसांचे १५,००० आले. हप्ते दोन भरलेत, पैसेही दोन्हीकडून घेणार.

निवृत्त_बँकवाला
ते मीच लिहिलंय. टार्गेटपायी काउंटरवर बसून या पॉलिसी मी लोकांच्या गळ्यात मारल्यात, म्हणून पोटतिडकीने सांगतोय. मेडिक्लेम तीन लाखांचा आणि वर तीन-तीन हॉस्पिटल कॅश! बायपासचं बिल आलं की रोजचे हजार-दोन हजार कुठे पुरणार? त्याच पैशात टॉप-अप घ्या, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारी पॉलिसी.

गॅरेजवाला_सांगली
काल फसवणूक होती, आज टॉप-अप. एक काय ते ठरवा. टॉप-अप माझ्या पोराचा पगार देणार आहे का?

वैशाली_ठाणे
बाबांच्याही दोन होत्या. मोतीबिंदूला सकाळी नऊला आत, दोनला घरी. २४ तास भरले नाहीत म्हणून दोन्हीकडून नकार. पण खरी लूट खोलीभाड्यात आहे! आईचा मेडिक्लेम तीन लाखांचा, खोलीला त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३००० ची मर्यादा. जनरल वॉर्ड भरलेला, ६००० ची खोली घ्यावी लागली. तर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, औषधं, सगळंच त्याच प्रमाणात निम्म्यावर आणलं.

निवृत्त_बँकवाला
औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ती कात्री लावता येत नाही. २०२० पासून तसा नियमच आहे. विमा लोकपालाकडे तक्रार घेऊन का गेला नाहीत?

वैशाली_ठाणे
आईच्या उशाशी बसू की नियम वाचत बसू? या पॉलिसी विकताना तुम्ही खोलीभाड्याचं कलम किती जणांना वाचून दाखवलंत, ते सांगा आधी.

निवृत्त_बँकवाला
एकालाही नाही. त्याची लाज आजही वाटते.

गॅरेजवाला_सांगली
खोलीभाड्यावर वेगळा धागा काढा. माझ्या प्रश्नाचं काय?

निवृत्त_बँकवाला
ठीक आहे. ठरीव रकमेच्या पॉलिसीत दोन्हीकडून पैसे घेणं ही फसवणूक नाही. तो शब्द चुकला. पण दुसरी घेताना फॉर्ममध्ये पहिली लिहिली होतीत का? 'इतर पॉलिसी आहेत का' हा रकाना असतो.

गॅरेजवाला_सांगली
फॉर्म एजंटने भरला, मी फक्त सही केली. आणि पाच वर्षं सलग झाली की काही लपवलं म्हणून क्लेम अडवता येत नाही.

निवृत्त_बँकवाला
फसवणूक सिद्ध झाली तर अडवता येतं. तुमची किती वर्षं झाली?

गॅरेजवाला_सांगली
दोन.

निवृत्त_बँकवाला
मग आजच पहिल्या पॉलिसीचा नंबर घालून कंपनीला पत्र द्या. झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घ्या, तो घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

गॅरेजवाला_सांगली
देतो. पण दुसरी पॉलिसी बंद करणार नाही.