'अंतर्गत अशांतता' आणि 'सशस्त्र उठाव': शब्द बदलल्याने काय बदलले?

शब्दवेध: संविधानाच्या अनुच्छेद ३५२ मध्ये आणीबाणीचे एक कारण म्हणून आधी 'अंतर्गत अशांतता' होती, आता 'सशस्त्र उठाव' आहे. अर्थाने एवढा फरक पडतो का?

कलमदान: पडतो. अशांततेला माप नाही. संप, मोर्चे, दंगल, काहीही तिच्यात बसवता येते. जून १९७५ची आणीबाणी याच दोन शब्दांवर उभी होती. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ते काढले. 'उठाव' म्हटले की सत्तेविरुद्ध उठणे आले, आणि 'सशस्त्र' लावल्यावर संप-मोर्चे आपोआप बाहेर. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना 'लेखी' कळवल्याशिवाय उद्घोषणा करता येणार नाही, असेही घातले. लोक हा शब्द विसरतात.

गंमत म्हणजे 'अंतर्गत अशांतता' अनुच्छेद ३५५ मध्ये अजून आहे. पण तिथे तिच्यापासून राज्यांचे संरक्षण करण्याचे संघराज्याचे कर्तव्य सांगितले आहे. आणीबाणीचा अधिकार त्यातून निघत नाही.

मसुदेकार: व्याख्येतही असेच. 'म्हणजे' लिहिले की यादी बंद. 'यात अमुक येतात' लिहिले की उघडी. अनुच्छेद १२ मधल्या 'राज्य'ची (मूलभूत हक्कांपुरते शासन म्हणजे कोण, याची) व्याख्या उघडी आहे. म्हणून सर्वोच्च न्यायालयाला १९६७ मध्ये राजस्थानचे वीज मंडळ तिच्यात घेता आले. आणि मराठी मसुद्यात 'करावे' शक्यतो नकोच: आज्ञा की सल्ला, कळत नाही. बंधन असेल तर 'करील', मुभा असेल तर 'करता येईल'.

शब्दवेध: मग अनुच्छेद १९ मधला 'वाजवी निर्बंध'? 'वाजवी' तरी कुठे मोजता येते? भाषणस्वातंत्र्याच्या खंडात तर तो १९५१च्या पहिल्या दुरुस्तीने मुद्दाम घातला.

कलमदान: शब्द सैलच आहे, पण तो तपासतो कोण ते पाहा. निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय ठरवते, म्हणजे सैलपणाचा फायदा नागरिकाला मिळू शकतो. 'अशांतता' आहे की नाही हे ठरवायचे होते सरकारच्याच सल्ल्याने राष्ट्रपतींनी. त्यात १९७५च्या ३८व्या दुरुस्तीने त्यांचे समाधान, म्हणजे तशी परिस्थिती आहे ही त्यांची खात्री, अंतिम ठरवून न्यायालयाचे दार बंद केले. ४४व्या दुरुस्तीने ते कलमही काढून टाकले.

मसुदेकार: म्हणून मसुदा वाचताना सैल शब्द दिसला की आधी कोश उघडू नका, त्याचा अर्थ लावायचा अधिकार कोणाकडे आहे, ते पुढच्या खंडात शोधा.