मदत हवी आहे: थ्रीडी स्कॅनवर ओठांची रुंदी दर वेळी वेगळी येतेय

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमडीएस (डेंटलचं पुढचं शिक्षण) करतेय, ऑर्थो म्हणजे वाकडे दात सरळ करायची शाखा, दुसरं वर्ष. डिसर्टेशनचा विषय म्हणजे चेहऱ्याची आणि ओठांची मापं एकदा व्हर्नियरने (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) घ्यायची, एकदा थ्रीडी स्कॅनवर घ्यायची आणि दोन्ही जुळतात का बघायचं. सिनॉप्सिस लिहिताना लई सोपं वाटलं होतं.

चारी बाजूंनी एकदम फोटो मारून काही मिलिसेकंदात चेहरा पकडणारा कॅमेऱ्यांचा सेटअप असतो तो आमच्याकडे नाही, म्हणून भावाचा आयफोन घेतलाय, फेस आयडीचा पुढचा कॅमेरा, जो इन्फ्रारेडचे ३०,००० वर ठिपके चेहऱ्यावर टाकून खोली मोजतो. माणसाला स्टुलावर बसवायचं, मान हळूहळू डावी-उजवी फिरवायला लावायची, अर्धा मिनिट तरी जातं, मग फाइल मेशलॅब या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पॉइंट क्लिक करायचे. सुरुवातीला माप ०.०४८ असं काहीतरी यायचं, दोन दिवस डोकं खाजवलं, मग कळलं की ॲप मीटरमध्ये फाइल देतंय आणि ओबीजे फाइलला स्वतःचं एकक नसतंच. तेवढं सुटलं.

आता खरा घोळ. रूममेटचे एकाच दुपारी तीन स्कॅन घेतले. चिलियन ते चिलियन, म्हणजे ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आलं ४७.८, ५०.३ आणि ४९.१ मिमी. नाकाची रुंदी आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर मात्र तिन्हीत जवळजवळ सारखं. म्हणजे फक्त ओठच नाटकं करतायत. ॲप बदलू, लाइट बदलू का माझाच हात चुकतोय? मॅडम म्हणतात आधी एरर काढून दाखव, मग पेशंट घे, आणि मला तर पुढच्या आठवड्यापासून चाळीस जण बसवायचेत. काय करू कळंना झालंय.

कुपवाडचा_फिटर
ताई, मी डॉक्टर नाही, एमआयडीसीत कास्टिंग स्कॅन करतो, पण दुखणं एकच हाय. तुम्ही तीन स्कॅन घेतले आणि प्रत्येकावर एकदाच मोजलं, त्यात तुमचा हात, फोन आणि माणूस असे तिघांचे घोळ एकात एक मिसळलेत, आता कुणाला दोष देणार? आधी एकच स्कॅन घ्या आणि त्यावर दहा वेळा क्लिक करा, पाच आज, पाच उद्या, जुने आकडे न बघता. ते जवळजवळ आले तर हात बरोबर. मग फोन तपासायला कपाळावर २० मिमीच्या खुणांचा ग्राफ पेपरचा तुकडा चिकटवा. प्रत्येक स्कॅनमध्ये २० आलं तर फोनही सुटला. राहिला कोण?
आणि फोनच्या मागचा लिडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) वापरू नका, तो खोल्याबिल्या मोजायला ठीक, ओठाला लई ढोबळ. आम्ही चकचकीत जॉबवर पांढरा स्प्रे मारून स्कॅन करतो, ते मात्र ओठावर करू नका 😄

हरिपूरचं_पेव
एक बाळबोध प्रश्न, ओठाचं माप घेऊन करायचं काय?

धागाकर्ती
दात मागे ओढले की ओठही थोडा आत जातो, किती ते बघायला. फाटलेला ओठ शिवल्यावर दोन्ही बाजू सारख्या आल्या का तेही कळतं.

भडंग_आणि_चहा
मी ऑर्थोच, प्रॅक्टिस करतो. फिटरदादांनी बरोबर पकडलंय, संशयित तिसरा आहे. रूममेट हसू दाबत असणार! कोपरा जरा ताणला की एक-दोन मिमी सहज जातात, नाक आणि डोळ्यांचे कोपरे हसण्याने एवढे हलत नाहीत म्हणून तिथलं माप शहाण्यासारखं येतंय. त्यात अर्धा मिनिट ओठ एकाच ठेवणीत ठेवणं कुणालाच जमत नाही. पेशंटला आवंढा गिळायला लाव, "मम्मा" म्हणायला लाव, ओठ सैल पडले की स्कॅन, आणि तू समोर उभी राहून बोलू नकोस. ओठ ओले असतील तर टिपून घे, चमक आली की तिथली जाळी (स्कॅनचा थ्रीडी पृष्ठभाग) फुगते नाहीतर खड्डा पडतो.
क्लिक करताना टेक्श्चर, म्हणजे जाळीवरचा रंगीत फोटो, चालू ठेव. ओठाची लाल कड रंगाने दिसते, नुसत्या करड्या जाळीवर ती अंदाजानेच धरावी लागते. आणि अंतर सरळ रेषेत मोजतेयस ना? व्हर्नियर सरळच मोजतो, चामडीवरून मोजलं तर ओठाच्या गोलाईमुळे जास्तच येणार, दोन्हीची भेसळ नको. मॅडमना डालबर्ग एरर (मोजण्यातली चूक सांगणारा आकडा) दाखव: प्रत्येकाच्या दोन मापांमधल्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज, भागिले माणसांच्या दुप्पट, मग वर्गमूळ.
अजून एक, ॲप स्कॅन क्लाउडवर चढवतंय का ते बघ. रंगासकट चेहरा म्हणजे नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो. कन्सेंट फॉर्ममध्ये ते लिहिलंयस का?

धागाकर्ती
दोन दिवसांनी परत आले. एकाच स्कॅनवर दहा वेळा क्लिक केलं, सगळे आकडे ०.४ मिमीच्या आत. ग्राफ पेपर १९.९, २०.१, २०.०. म्हणजे रूममेटच!! तिला विचारलं तर म्हणते तू एवढी गंभीर होऊन फोन धरतेस की हसू येतं. काल भिंतीकडे बघायला लावलं, आवंढा गिळवला, पाच स्कॅन घेतले, ४८.६ ते ४९.३. क्लाउडचं सेटिंग चालूच होतं, बंद केलं, कन्सेंट फॉर्म परत टाइप करतेय.
आता मुलग्यांच्या मिशीचं काय करू? केस असले की वरच्या ओठाची जाळी पार खरबरीत येते.

कुपवाडचा_फिटर
ताई, सांगलीत थीसिससाठी कोण मिशी काढणार?

भडंग_आणि_चहा
काढायला सांगू नकोसच. दाढीमिशीवाले नकोत असं निवडीच्या निकषातच लिही आणि मॅडमची सही आजच घे, अर्धे स्कॅन झाल्यावर नको.